जिव्हेचा मळ आणि मुखदुर्गंधी

सकाळी उठल्याबरोबर तोंडाला येणारा वास पोटातून येतो, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. तो घालविण्यासाठी कोणी रेचक घेतो, कोणी बडीशेप चघळतो, कोणी दाढेखाली लवंग धरतो. वस्तुतः तोंड व जठर यांना जोडणारी अन्ननलिका एरवी मिटलेली असते. ढेकर आल्याखेरीज जठरातील वायू सहसा वर येत नाही. मुखदुर्गंधीची दहा उदाहरणे तपासली, तर त्यांतील आठ-नऊ उदाहरणांत तिचे मूळ तोंडातच सापडते. आणि तोंडातही तिचे मुख्य आश्रयस्थान पुष्कळदा दात नसून जीभ हे असते. ती दुर्गंधी सर्वांत अधिक साठते जिभेच्या मागच्या भागात, म्हणजे जेथे दात घासणाऱ्याचा हात क्वचितच पोहोचतो तेथे.

याचे कारण जिभेच्या रचनेत आहे. जिभेचा वरचा पृष्ठभाग गालाच्या आतल्या बाजूसारखा गुळगुळीत नसतो. त्यावर असंख्य बारीक उंचवटे असतात; त्यांना अंकुर म्हणतात. त्यांपैकी सर्वाधिक संख्येने असलेले अंकुर धाग्यासारखे टोकदार असतात व त्यांचा चवीशी संबंध नसतो; अन्न धरून ठेवण्यास लागणारा खरबरीतपणा ते जिभेला देतात. गालिच्याच्या लवीत धूळ बसावी, त्याप्रमाणे या अंकुरांच्या मधल्या फटींत अन्नाचे कण, लाळेतील द्रव्ये, झडलेल्या पेशी व जंतू साचतात. पांढरा किंवा पिवळसर थर दिसतो तो यांचाच. जिभेचे टोक बोलताना व गिळताना दात आणि टाळू यांवर सतत घासले जाते, म्हणून ते बहुधा स्वच्छ राहते. मागच्या तिसऱ्या हिश्श्याला अशी घासणी मिळत नाही.

थरातील पुष्कळ जंतूंना प्राणवायू नको असतो. फटींच्या तळाशी तो पोहोचतच नाही, त्यामुळे त्यांचे तेथे चांगले फावते. अन्नातील व मृत पेशींतील प्रथिने फोडून ते आपली उपजीविका करतात. या विघटनात गंधकयुक्त वायू बाहेर पडतात: कुजक्या अंड्याचा वास ज्याला येतो तो हायड्रोजन सल्फाइड, आणि त्याहूनही उग्र असा मिथाइल मर्कॅप्टन. श्वासातील दुर्गंधीचा बराच मोठा भाग या दोहोंचा असतो, हे कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाचे संशोधक जोसेफ टॉन्झेटिच यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दाखवून दिले. दिवसा लाळ वाहत असल्याने यातील पुष्कळसे धुऊन जाते. झोपेत लाळ जवळजवळ थांबते. म्हणून निरोगी मनुष्याच्याही तोंडाला पहाटे वास येतो. उपवासाच्या दिवशी तो दुपारपर्यंत टिकतो, त्याचेही कारण हेच: चघळणे नाही, म्हणून लाळ नाही.

हा मळ काढण्याची रीत किती साधी असू शकते, हे पाहावयाचे तर बुंदेलखंडाकडे वळावे. मराठी वाचकाला झाशी हे नाव राणी लक्ष्मीबाईंमुळे पाठ असते. आरोग्याच्या पुस्तकात ते आढळले तर त्याला नवल वाटेल. परंतु झाशी व तिच्या भोवतालच्या खेड्यांत, उत्तर भारतात इतरत्रही, कडुनिंबाच्या किंवा बाभळीच्या काडीने दात घासण्याची जी रूढ पद्धत आहे, तिच्यात जिभेचा विचार आधीच केलेला आहे. करंगळीएवढ्या जाडीची, वीतभर लांबीची हिरवी काडी घेतात. तिचे एक टोक चावून कुंचल्यासारखे करतात व त्याने दात घासतात. एवढे झाले की काडी फेकून देत नाहीत. ती मधोमध उभी चिरतात, अर्धी फाक दोन्ही हातांनी धनुष्यासारखी वाकवितात, आणि तिच्या ओल्या कडेने जीभ मागून पुढे ओढून घेतात. मग चूळ भरतात. दातांसाठी एक व जिभेसाठी एक अशी दोन साधने एकाच काडीतून निघतात, आणि रोज नवी काडी असल्यामुळे कालचा मळ आज तोंडात जात नाही. यास पाणीही तांब्याभर पुरते. मे महिन्यात ज्या प्रदेशाचा पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि पाण्याची ओढ ज्याला नित्याची, तेथे ही गोष्ट लहान नव्हे. उन्हाने व तहानेने तोंड कोरडे पडते, लाळ घटते, आणि लाळ घटली की जिभेवरील थर वाढतो.

या पद्धतीस शास्त्राचा आधार जुना आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पाचव्या अध्यायात जिव्हानिर्लेखनाचे, म्हणजे जीभ खरवडण्याचे, साधन सोने, रुपे, तांबे, कथील किंवा पितळ यांचे असावे असे सांगितले आहे. त्याची कड तीक्ष्ण नसावी व ते सरळ नसून वाकलेले असावे, अशीही अट आहे. जिभेच्या मुळाशी साचलेला मळ श्वासाला अडथळा करतो व दुर्गंधी आणतो, म्हणून तो काढावा, असे कारणही तेथेच दिले आहे. मुळाशी हा शब्द येथे महत्त्वाचा. जंतूंची कल्पनाही नसलेल्या काळात दोषाची जागा मात्र अचूक हेरली गेली होती. सुश्रुताने धातूंबरोबर लाकडालाही मान्यता दिली असून साधन मऊ, गुळगुळीत व दहा अंगुळे लांब असावे असे म्हटले आहे. झाशीच्या खेडुताची चिरलेली काडी लाकूड या वर्गात सहज बसते. गुळगुळीतपणाच्या कसोटीस मात्र ती प्रत्येक वेळी उतरत नाही.

बाजारात तांब्याच्या, पितळेच्या व स्टीलच्या, घोड्याच्या नालाप्रमाणे वाकविलेल्या पट्ट्या मिळतात. झाशीकडे त्यांना जीभी म्हणतात. तांब्याच्या पट्टीचे गुणगान अलीकडे फार होते. तांब्याच्या पृष्ठभागावर जंतू मरतात, हे खरे. पण त्यासाठी त्यांचा तांब्याशी बराच वेळ संबंध यावा लागतो, आणि पट्टी जिभेवरून क्षणार्धात सरकते. तेव्हा पट्टी तांब्याची आहे म्हणून जीभ अधिक निर्जंतुक होईल, असे मानण्यास आधार नाही. कड बोथट असावी आणि पट्टी रोज धुऊन वाळवावी, यांस अधिक महत्त्व आहे.

उपयोग किती होतो, याचे मोजमापही झालेले आहे. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन पाहणीत २८ जणांच्या श्वासातील गंधकयुक्त वायू मोजण्यात आले. जीभ पट्टीने खरवडल्यावर त्यांचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी आणि दात घासण्याच्या ब्रशने जीभ घासल्यावर सुमारे ३३ टक्क्यांनी उतरले. मात्र ही घट अर्ध्या तासापलीकडे दिसून आली नाही. इतर पाहण्याही लहानच आहेत. तेव्हा जीभ स्वच्छ केल्याने वास कमी होतो, ब्रशपेक्षा पट्टी थोडी सरस ठरते, आणि परिणाम तात्पुरता असतो, इतकेच खात्रीने म्हणता येईल. ज्याच्या हिरड्यांतून रक्त येते, दाढ किडलेली आहे किंवा गिलायूच्या खळग्यांत खडे साठतात, त्याने जीभ कितीही खरवडली तरी वास परत येणारच. मधुमेह हाताबाहेर गेला असता येणारा फळासारखा गोडसर वास किंवा मूत्रपिंडे निकामी होताना येणारा अमोनियासारखा वास यांचा तर जिभेशी संबंधच नसतो.

खरवडण्याची क्रिया हलक्या हाताने व्हावी. जीभ शक्य तितकी बाहेर काढावी, पट्टी जेवढी मागे सोसवेल तेवढी ठेवावी आणि एका दिशेने पुढे ओढावी. दोन-तीन वेळा पुरे. प्रत्येक वेळी पट्टी धुवावी. उमासे येत असतील तर श्वास सावकाश सोडीत राहिल्याने ते आवरतात. सकाळच्या प्रहरी घसा फाटेस्तोवर खाकरून, दोन बोटे घशात घालून सारी आळी जागी करणाऱ्यांना आपण अधिक स्वच्छ होतो असे वाटते. त्याने उलट घशाला इजा होते. रक्त निघेपर्यंत घासणेही तसेच घातक. शिवाय जिभेवरील सगळेच जंतू शत्रू नव्हेत. पालेभाज्यांतील नायट्रेटचे नायट्राइटमध्ये रूपांतर करणारे जंतू तेथेच राहतात, आणि त्यापासून पुढे शरीरात बनणारे नायट्रिक ऑक्साइड रक्तवाहिन्या सैल ठेवण्यास मदत करते. जंतुनाशक द्रवाच्या गुळण्या वैद्यकीय सल्ल्यावाचून रोज करू नयेत, त्याचे हे एक कारण.

बुंदेलखंडात या विषयाला आणखी एक बाजू आहे, आणि ती अधिक गंभीर आहे. महोब्याचे देशावरी पान याच प्रदेशातले. पानापाठोपाठ सुपारी आली, तंबाखू आली, आणि पुढे पुडीतला गुटखा आला. उत्तर प्रदेशात २०१३ साली गुटख्यावर बंदी आली. त्यानंतर पानमसाला व तंबाखू वेगवेगळ्या पुड्यांत मिळू लागली व खाणारा ती हातावर एकत्र करू लागला. सुपारी तंबाखूशिवायही कर्करोगकारक आहे, असा निष्कर्ष आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केला आहे. भारतीय पुरुषांत तोंडाच्या कर्करोगाचे प्रमाण इतर सर्व कर्करोगांहून अधिक आहे. तोंडाचा वास झाकण्यासाठी म्हणून मसाला खाल्ला जातो, हा यातील सर्वांत दुर्दैवी भाग होय.

अशा मनुष्याने जीभ साफ करताना आरसा समोर ठेवावा. साधा थर पट्टीने निघतो. दह्याच्या कवडीसारखे पांढरे ठिपके पुसून निघाले व खाली लाल, हुळहुळणारी त्वचा दिसली, तर तो बहुधा बुरशीचा संसर्ग असतो. त्यावर औषध आहे. परंतु जिभेच्या कडेला, तिच्या खाली किंवा गालाच्या आत जो पांढरा डाग खरवडूनही हलत नाही, तो मळ नव्हे. तो दुखत नाही, आणि म्हणूनच त्याकडे दुर्लक्ष होते. अशा प्रत्येक डागाचा कर्करोग होत नाही. काहींचा मात्र होतो, आणि नुसत्या नजरेने ते ओळखता येत नाहीत. लाल डाग अधिक संशयास्पद मानतात. दोन-तीन आठवड्यांत न भरणारा व्रण आणि दिवसेंदिवस कमी उघडणारे तोंड हीही अशीच लक्षणे आहेत. तोंड पूर्वीइतके उघडते की नाही, हे स्वतःची तीन बोटे एकावर एक धरून दातांमध्ये घालून पाहता येते.

डाग आढळल्यास तो घासून काढण्याचा प्रयत्न करू नये. झाशीत १९६८ पासून महाराणी लक्ष्मीबाई वैद्यकीय महाविद्यालय आहे. अन्यत्र जिल्हा रुग्णालयात किंवा दंतवैद्याकडे जाता येईल. तेथे डागाचा लहानसा तुकडा, ती जागा बधिर करून, काढतात व सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. तुकडा काढण्यास काही मिनिटे लागतात. अहवाल काही दिवसांत मिळतो.