विनामूल्य खेळ आणि न सांगता बदललेली शक्यता

1990च्या दशकात दक्षिण कोरियातील संगणकीय खेळांचा बाजार चोरट्या प्रतींनी पोखरून काढला होता. एका सीडीवरून हव्या तितक्या सीड्या निघत आणि खेळ घडवणाऱ्याच्या पदरात त्यांतून काहीच पडत नसे. यावर तेथील कंपन्यांना लागू पडलेला उपाय विक्रीची वस्तूच बदलण्याचा होता. खेळ विनामूल्य द्यावा, तो कंपनीच्या सर्व्हरवर चालवावा आणि पात्राचा पोशाख, केशरचना किंवा एखादी सोय थोडक्या पैशांत विकावी, अशी ही पद्धत असून त्या किरकोळ खरेदीला मायक्रोट्रान्झॅक्शन म्हणतात. खेळाची फाइल कोणीही उतरवून घेतली तरी खेळाडूची कमाई, पातळी आणि सवंगडी सर्व्हरवरच राहत असल्याने चोरीतला अर्थ निघून गेला. नकली सर्व्हर उभारणारे पुढे निघालेच, पण मूळ खेळच फुकट असताना त्यांच्याकडे वळण्याचे कारण कमी होते.

हा मार्ग रुळवणाऱ्या कंपन्यांत नेक्सॉन अग्रणी होती, आणि या पद्धतीतील धोका सर्वांत स्पष्टपणे दिसतो तोही तिच्याच 2003 साली आलेल्या 'मेपलस्टोरी' या खेळात. मे 2010 मध्ये तेथे 'क्यूब' विक्रीस आला. तो वापरला की शस्त्राला किंवा चिलखताला लाभलेले गुण नव्याने आणि यदृच्छेने ठरत, त्यामुळे मनाजोगता गुण मिळेपर्यंत खेळाडू क्यूबमागून क्यूब विकत घेई. दक्षिण कोरियाच्या व्यापार आयोगाला चौकशीत आढळले ते असे की, क्यूब आल्यानंतर अवघ्या काही महिन्यांत, सप्टेंबर 2010 मध्ये, लोकप्रिय गुण कमी वेळा निघतील अशी व्यवस्था खेळाडूंना न कळवता करण्यात आली, आणि ऑगस्ट 2011 पासून मार्च 2021 पर्यंत काही गुण एकाच वस्तूवर तीनदा येण्याची शक्यता चक्क शून्य होती. जत्रेतील चक्रावरचे बक्षिसाचे घर खरवडून काढावे आणि चक्र मात्र फिरतेच ठेवावे, त्यातला हा प्रकार. जानेवारी 2024 मध्ये आयोगाने कंपनीला सुमारे 11.6 अब्ज वॉन दंड ठोठावला, आणि त्याच वर्षी 22 मार्चपासून अशा वस्तूंच्या शक्यता जाहीर करणे तेथे कायद्याने बंधनकारक झाले.

या प्रकरणातील खरी गोम अशी की, ज्या सर्व्हरने चोराचा रस्ता बंद केला त्याच सर्व्हरच्या आड विक्रेत्याचे मापही झाकले गेले. म्हणून खरेदी रास्त आहे की नाही हे किमतीवरून ठरवणे फसवे आहे; घेणाऱ्याला काय मिळणार हे आधी ठाऊक असावे आणि न घेणारा केवळ न घेतल्यामुळे हरू नये, या दोन कसोट्या अधिक विश्वासार्ह ठरतात. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या 'डोटा 2'मध्ये लढणारी सर्व पात्रे प्रत्येकाला विनामूल्य मिळतात आणि विकली जाते ती प्रामुख्याने सजावट, त्यामुळे दुसऱ्या कसोटीला तो बहुतांशी उतरतो. पहिलीबाबत मात्र तेथील, आत काय निघेल हे यदृच्छेवर सोडलेल्या बंद पेट्यांकडे सावधपणेच पाहावे लागते.

नाशिक-नागपूरच्या घरांतही मुलांच्या हातातील मोबाइलवर याच पद्धतीचे खेळ चालतात, तेव्हा पालकांनी काही खुणा ओळखून ठेवणे इष्ट. किंमत रुपयांऐवजी नाण्यांत किंवा हिऱ्यांत दाखवली असेल आणि त्यांचे गठ्ठे वस्तूच्या किमतीशी जुळत नसतील, तर उरलेली नाणी पुढच्या खरेदीचे निमित्त होतात. शक्यतांचा तक्ता असला तरी तो कधी बदलला याची नोंद सोबत आहे का, हे पाहावे. फोनवरील प्रत्येक खरेदीला पासवर्ड लागेल अशी व्यवस्था करावी आणि पावत्या जपून ठेवाव्यात. अर्थात पावत्या असूनही परतावा तुटपुंजा असू शकतो. नोव्हेंबर 2024 मध्ये दक्षिण कोरियाच्या सर्वोच्च न्यायालयाने 'मेपलस्टोरी'च्या एका खेळाडूच्या बाजूने लागलेला निकाल कायम केला, तेव्हा सुमारे 1 कोटी 10 लाख वॉन खर्चून बसलेल्या त्या खेळाडूला परत मिळाले ते त्यातील केवळ 5 टक्के.