आत्मौपम्य: विश्वाला अर्थच नसेल तर?



आज गीतेचा सहावा अध्याय, श्लोक ३२. हा ध्यानाचा अध्याय. आसन कुठे घालावं, नजर कुठे ठेवावी, किती खावं, किती झोपावं, अशा बारीकसारीक सूचना देत भगवंत इथवर येतात. आणि म्हणतात, स्वतःवरून दुसऱ्याचं सुखदुःख जो सगळीकडे सारखंच ओळखतो, तो योगी श्रेष्ठ. म्हणजे शिकवणी डोळे मिटून बसण्याची, पण परीक्षा डोळे उघडल्यावर.

माझा मावसभाऊ इंजिनिअरिंगच्या थर्ड इयरला आहे. त्याचा रूममेट आजारपणात गेला. त्या मुलाची आई याला अधूनमधून फोन करते, घरी ये म्हणते. हा जात नाही. मी विचारलं तर म्हणाला, "दादा, १३८० कोटी वर्षांचं विश्व आहे. मी काकूंना भेटलो काय नि नाही काय. चांगलं-वाईट हे आपणच बनवलेले नियम."

हसण्यावारी न्यावा असा हा प्रश्न नाही. आकडा बरोबर आहे. १४ फेब्रुवारी १९९० ला व्हॉयेजर १ ने सुमारे ६०० कोटी किलोमीटरवरून आपला फोटो काढला, त्यात अख्खी पृथ्वी एका पिक्सेलपेक्षाही लहान आहे.

अशा वेळी काही जण सोळाव्या अध्यायातला आठवा श्लोक तोंडावर फेकतात. जग निराधार आहे, ईश्वर नाही असं म्हणणारे आसुरी वृत्तीचे, असं तिथे आहे खरं. पण पुढचाच श्लोक बघा. त्या विचाराच्या जोरावर क्रूर कर्मं करत जगाच्या नाशाला निघालेल्यांबद्दल ते बोलणं आहे. मित्र गमावलेला वीस वर्षांचा मुलगा त्यात बसत नाही. धनुष्य टाकून बसलेल्या अर्जुनाला भगवंतांनी लेबल लावून सोडून दिलं नाही, अठराव्या अध्यायापर्यंत समजावलं.

मला वाटतं, घोळ मापात आहे. दुःख किलोमीटरमध्ये मोजता येत नाही. रात्री दाढ ठणकत असताना आकाशगंगा केवढी आहे हे आठवून ठणका कमी होतो का? आणि उलट, विश्व फक्त पुण्याएवढं असतं, तर मित्राचं जाणं जास्त अर्थपूर्ण झालं असतं का? आकाराचा इथे संबंधच नाही.

श्लोक मोजपट्टीच बदलतो. आत्मौपम्य, म्हणजे उपमा स्वतःची. मला लागतं तसं समोरच्याला लागतं, बस. त्यासाठी आधी विश्वाचा हेतू सिद्ध करावा लागत नाही, नास्तिक माणसालाही ही पट्टी वापरता येते (माझ्या ओळखीचे काही नास्तिक ती आपल्यापेक्षा बरी वापरतात!). नियम आपण बनवले म्हणता? डावीकडून गाडी चालवायची, हा बनवलेला. धडकल्यावर दुखतं, हे कुणी बनवलं?

भक्त म्हणून मी एक पायरी पुढे जातो. २९ ते ३१ हे श्लोक सांगतात की सगळ्या भूतांत तोच आहे. मग समोरच्याचं दुःख नुसतं माझ्यासारखं राहत नाही, त्याच्याशी नातं लागतं.

भावाचं खरं कारण मला वेगळंच वाटतं. काकूंच्या घरी मित्राची रिकामी कॉट बघवणार नाही. "कशालाच अर्थ नाही" ही त्या दुखण्यावर घेतलेली पेनकिलर आहे. अर्थ नसता, तर गोळी लागलीच नसती. त्याला एवढंच म्हटलं, जा, काही बोलू नकोस, काकू वाढतील ते जेव.

मन कडू व्हायला ज्ञानोबांकडे कितीतरी कारणं होती. आईवडिलांना देहान्त प्रायश्चित्त, चौघा भावंडांना वाळीत टाकलेलं. तरी १२९० च्या ज्ञानेश्वरीच्या शेवटी पसायदानात त्यांनी दुष्टांचा नाश मागितला नाही, त्यांचा वाकडेपणा तेवढा जावा असं मागितलं. ज्यांनी दुखावलं, त्यांनाही तीच मोजपट्टी. मला हे अजून झेपत नाही.

उद्या श्लोक ३३. एवढं ऐकून अर्जुन लगेच म्हणतो, देवा, मन चंचल आहे, ही समदृष्टी टिकेल असं दिसत नाही. उद्यापर्यंत ३३ आणि ३४ दोन्ही वाचून या.