गळका नळ आणि संडासाचा खड्डा

संडासातला नळ गळतो. टिप् टिप् आवाज येतो. घरातले म्हणतात, "गळू द्या हो, थेंबच तर आहे!"

हा थेंब किती होतो, ते मोजून पाहू या. नळाखाली एक लिटरचा तांब्या ठेवा. समजा, तो एका तासात भरला. दिवसाचे तास 24. म्हणजे दिवसाला 24 लिटर पाणी गेले. महिन्याचे दिवस 30. म्हणजे महिन्याला 720 लिटर. मोठे पिंप 200 लिटरचे असते. अशी साडेतीन पिंपे भरून वर 20 लिटर उरतील. उन्हाळ्यात एवढ्या पाण्यासाठी किती खेपा होतात, ते घरातल्या बाईला विचारा.

हे पाणी जाते कुठे? बादली भरते, वाहते, आणि पाणी भांड्यातून खड्ड्यात उतरते. खरा घोटाळा इथेच आहे.

2014 साली स्वच्छ भारत मोहीम सुरू झाली. त्यानंतर गावोगाव संडास झाले. त्यांतले पुष्कळ दोन शोषखड्ड्यांचे आहेत. शोषखड्ड्याच्या भिंतीला भोके ठेवलेली असतात. त्यांतून पाणी जमिनीत मुरते. मागे राहिलेला मैला बारीक जंतू खातात आणि त्याची माती होते. नळ रात्रंदिवस गळत राहिला, तर जमीन पाणी पिऊन पिऊन थकते. काळ्या मातीत तर पाणी आधीच सावकाश मुरते. मग मैल्याऐवजी पाण्यानेच खड्डा भरतो. घाण पाण्याबरोबर दूरवर जाते आणि जवळ विहीर असली तर तिच्यात उतरू शकते. खड्डा लवकर भरला, की तो उपसायला माणूस शोधायचा. हे काम पिढ्यान् पिढ्या कोणाच्या माथी मारले गेले, ते आपणां सर्वांना ठाऊक आहे. हाताने मैला उपसायला माणूस लावणे हा 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे. आम्ही म्हणतो, कायदा नसता तरी ती लाजेचीच गोष्ट होती.

आता नळाकडे वळू. एवढ्याशा कामासाठी तालुक्याहून प्लंबर येत नाही. आला तरी येण्याजाण्याचे पैसे मागतो. हे काम घरी होते. पान्हा, पक्कड, पांढरी टेप आणि नवा वायसर एवढे सामान पुरे. दुकानात जाताना जुना वायसर खिशात घेऊन जा, म्हणजे माप चुकणार नाही.

नळ गळतो का? नळाच्या पोटात रबराची चकती असते. तिलाच वायसर म्हणतात. नळ बंद केला, की ती भोकावर दाबून बसते आणि पाणी अडते. चकती झिजली, की फटीतून पाणी येते. मग माणूस काय करतो? नळ आणखी जोराने आवळतो. त्याने चकती जास्तच कापली जाते!

आधी टाकीजवळचा कॉक बंद करा. मग नळ सोडून नळीतले उरलेले पाणी जाऊ द्या. नळ तसाच उघडा ठेवा. नळाच्या डोक्याला फडके गुंडाळा, म्हणजे पान्हा घसरणार नाही. घड्याळाचे काटे फिरतात त्याच्या उलट फिरवा. डोके निघेल. त्याच्या खाली चकती दिसेल. ती काढा आणि नवी बसवा. चकती जिथे टेकते ती जागा बोटाने चाचपून पाहा. गुळगुळीत लागली तर ठीक. खड्डे लागले, तर नवी चकतीही फार दिवस टिकणार नाही, नळच बदला. स्वस्तातले प्लास्टिकचे नळ बहुधा उघडून दुरुस्त होत नाहीत. तेही बदलावेच लागतात.

नळ बदलताना एका पान्ह्याने भिंतीतली नळी घट्ट धरा आणि दुसऱ्याने नळ फिरवा. नाही तर नळी आत पिळवटते आणि भिंत फोडायची पाळी येते. नव्या नळाच्या आट्यांवर टेपचे दहा-बारा वेढे द्या. आट्यांचे तोंड आपल्याकडे धरून काट्यांच्या दिशेने गुंडाळा. उलट गुंडाळली, तर नळ बसवताना टेप उलगडते.

कोणाच्या घरी फ्लशची टाकी असते. ती गळते की नाही, हे कानाला कळत नाही. तिच्यात कपड्याची चिमूटभर नीळ टाका आणि अर्धा तास संडास वापरू नका. भांड्यात निळे पाणी उतरले, तर टाकीच्या तळाचे रबर खराब झाले आहे. तेही वायसरसारखेच बदलता येते. भांड्याचाच सांधा फुटला असेल, तर मात्र गवंड्याला बोलवा.

नळ दुरुस्त झाला, पण एक खड्डा आधीच भरला असेल, तर दोन्ही खड्ड्यांच्या मधली लहान कुंडी उघडा. भरलेल्या खड्ड्याकडची वाट वीट आणि मातीने बुजवा. दुसऱ्याची वाट मोकळी करा. हात साबणाने धुवा. बंद केलेल्या खड्ड्याला दीड-दोन वर्षे हात लावू नका. तेवढ्यात मैल्याचे सोनखत होते. त्याला घाण वास नसतो आणि घरचा कोणीही ते काढून शेतात टाकू शकतो. कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी असेच सोनखत करून दाखवले होते.

खड्डा कधी बंद केला, हे दोन वर्षांनी आठवत नाही. घरात त्यावरून वाद होतात. आता तुम्हांला लिहिता येते. गेरू घ्या आणि संडासाच्या भिंतीवर महिना व साल मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.