न उच्चारलेला शब्द

मुलांनो, एखादा शब्द मोठ्याने उच्चारण्याचीही चोरी व्हावी, अशी वेळ कधी कधी एखाद्या देशावर येते. जून १९४० मध्ये जर्मन सैन्याने पॅरिस घेतले आणि फ्रान्सवर तशी वेळ आली. वर्तमानपत्रांत काय छापावे, नभोवाणीवरून काय सांगावे, हे परकी सत्ता ठरवू लागली.

त्या काळात पॉल एल्युआर या कवीने एक दीर्घ कविता लिहिली. तिच्यातील कवीला एका नावाचा ध्यास लागला आहे. शाळेची वही, घरातला दिवा, फार काय, आपल्या कुत्र्याचे टवकारलेले कान! जे दिसेल त्यावर त्याला ते नाव लिहावयाचे आहे. पण नाव कोणाचे, हे तो सांगत नाही. एखाद्या प्रिय व्यक्तीचे असावे, असे वाचणाऱ्यास वाटते. आरंभी आपल्याही मनात तसेच होते, असे एल्युआर यांनी पुढे सांगितले. अगदी शेवटी तो शब्द येतो : स्वातंत्र्य. १९४२ मध्ये ही कविता छापली गेली. पुढे ब्रिटिश विमानांनी तिच्या प्रती फ्रान्सच्या भूमीवर टाकल्या.

१९४३ च्या उन्हाळ्यात फ्रान्सिस पूलँक या संगीतकाराने एल्युआर यांच्या आठ कवितांवर वृंदगान रचले आणि ही कविता सर्वांत शेवटी ठेवली. आपल्याकडे समूहगीत म्हटले की सर्व मुले एकच चाल म्हणतात. युरोपातील या वृंदगानाची रीत निराळी. तेथे गायकांचे गट पाडतात. प्रत्येक गटाची चाल वेगळी, तरी एकाच वेळी गाइल्यावर त्या एकमेकींत मिसळून जातात. पूलँक यांनी दोन वृंद योजिले व प्रत्येकात सहा निरनिराळे आवाज ठेवले. साथीला एकही वाद्य नाही. एका वृंदाने म्हणावे, दुसऱ्याने ते उचलून पुढे न्यावे, असे चालता चालता अखेर सारे आवाज त्या एका शब्दावर येऊन मिळतात. खालच्या खर्जापासून स्त्रीकंठाच्या अतिउंच स्वरापर्यंत तो शब्द भरून जातो. गाण्यास ही रचना फार कठीण आहे.

पण तेव्हा ती गाणार कोण, आणि कोठे? पॅरिसमध्ये ती जाहीरपणे गाता येणे शक्यच नव्हते. देश मुक्त होईल त्या दिवशी गाणे तयार असावे, एवढीच पूलँक यांची इच्छा होती. त्यांचे प्रकाशक पॉल रुआर यांनी तिची स्वरलिपी गुप्तपणे छापली. मला तर कवी व संगीतकार यांच्याइतकेच या प्रकाशकाचे कौतुक वाटते. जे विकता येत नाही, कोणास ऐकविता येत नाही, आणि सापडले तर जिवावर बेतावयाचे, ते त्यांनी छापून ठेवले!

ऑगस्ट १९४४ मध्ये पॅरिस मुक्त झाले. मग ती स्वरलिपी लंडनला गेली. २५ मार्च १९४५ रोजी बीबीसीच्या गायकवृंदाने ती प्रथम गायिली, तीही इंग्रजी भाषांतरातून. युरोपातील युद्ध संपावयास तेव्हा अजून सहा आठवडे होते.