घरातून धंदा करताय? मग नको असलेलं टपाल आधी कमी करा



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण घरातून व्यवसाय सुरू करताना लागणारी कागदपत्रं बघितली: उद्यम, जीएसटी, चालू खातं. वेळ संपली म्हणून एक विषय राहिला, तो इथे घेतो. या सगळ्या फॉर्मवर आपण घरचा पत्ता टाकतो. मग त्या पत्त्यावर काय काय यायला लागतं, आणि त्याचं करायचं काय?

तुम्ही म्हणाल, टपालात काय शिकायचंय? नको ते रद्दीत टाकायचं, झालं. मीही तसंच समजत होतो. मग एकदा जे झालं ते सांगतो.

38 हजारांचा चेक आणि टीव्हीखालचा खण

रविवार पेठेतल्या एका होलसेलरला मी 38 हजारांचा चेक दिला होता. माझं एक येणं अडकलं, खात्यात पैसे कमी पडले आणि चेक परत गेला. फोनवर "देतो लवकर" म्हणालो आणि दुकानाच्या गडबडीत विसरलो. त्यांनी वकिलामार्फत नोटीस पाठवली, रजिस्टर एडीने. आईने सही करून पाकीट घेतलं आणि नेहमीसारखं टीव्हीखालच्या खणात ठेवलं. त्या खणात क्रेडिट कार्डाच्या जाहिराती, क्लासची पत्रकं, कुठल्याशा रिसॉर्टचं "अभिनंदन" असलेलं पत्र, असा वीतभर ढीग होता.

अकराव्या दिवशी त्यांचा माणूस दुकानात आला. म्हणाला, "दादा, नोटीस मिळाली ना?" माझ्या पोटात गोळा आला. घरी जाऊन खण उपसला. पाकीट तळाशी होतं.

चेक परत गेल्याची नोटीस मिळाल्यापासून पैसे द्यायला 15 दिवस असतात. त्यात दिले नाहीत तर समोरच्याला कलम 138 खाली कोर्टात जाता येतं. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, किंवा दोन्ही. माझ्याकडे चार दिवस उरले होते. त्याच संध्याकाळी मित्राकडून उसने घेऊन एनईएफटी केलं आणि सुटलो.

चूक आईची नव्हती. रोज पाच पाकिटं येतात आणि त्यातली चार कचरा असतात, तेव्हा पाचवंही कचऱ्यासारखंच ठेवलं जातं. म्हणून आजचा धडा एवढाच: नको असलेलं टपाल थांबवायचं ते घर नीट दिसावं म्हणून नाही, तर हवं असलेलं पत्र हरवू नये म्हणून.

पायरी 1: तुमचा पत्ता बाहेर कुठून जातो ते बघा

नळ उघडा ठेवून फरशी पुसण्यात अर्थ नाही. आधी नळ शोधू.

- सरकारी नोंदी. जीएसटी पोर्टलवर कोणीही तुमचा जीएसटी नंबर टाकून व्यवसायाचा पत्ता बघू शकतो. ट्रेडमार्कचा अर्ज पुढे सरकला की तो ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापून येतो, अर्जदाराच्या नाव-पत्त्यासकट, आणि ते जर्नल ऑनलाइन सगळ्यांना खुलं असतं. कंपनी किंवा एलएलपी काढली तर नोंदणीकृत पत्ताही सार्वजनिक होतो. हे थांबवता येत नाही. पण कुठला पत्ता द्यायचा हे काही वेळा आपल्या हातात असतं. दुकान किंवा गाळा असेल तर घरचा पत्ता देऊ नका.
- लकी ड्रॉची कुपनं. प्रदर्शनात, पेट्रोल पंपावर, मॉलमध्ये खोक्यात टाकलेलं कुपन म्हणजे आपण हाताने लिहून दिलेली आपली माहिती.
- पार्सलची खोकी. लेबलवर नाव, पत्ता आणि बऱ्याचदा मोबाईल नंबरही असतो. खोकं रद्दीत देण्याआधी लेबल फाडा.
- देणगी आणि वर्गणी. एकदा पावती घेतली की दरवर्षी पत्र येतं. पावती हवीच, पण "पुढची पत्रं ईमेलवर पाठवा" हे तिथेच सांगा.

पायरी 2: एक महिना मोजा

जुनी वही घ्या. रोज आलेलं प्रत्येक पाकीट एका ओळीत लिहा: तारीख, कोणाकडून, हवं की नको. 30 दिवसांनी बघा. बहुतेकांच्या वहीत तीच सात-आठ नावं पुन्हा पुन्हा दिसतील. म्हणजे काम तेवढ्याच नावांवर करायचंय. दुकानात कुठला माल पडून राहतो हे आपण असंच शोधतो ना?

पायरी 3: पाठवणाऱ्यालाच थांबवा

फोन आणि एसएमएससाठी आपल्याकडे 1909 आहे, डीएनडी आहे. टपालासाठी अशी एक खिडकी नाही. एकेका पाठवणाऱ्यालाच सांगावं लागतं.

*बँक, डीमॅट, विमा:* नेटबँकिंग किंवा ॲपमध्ये कागदी स्टेटमेंट बंद करून ई-स्टेटमेंट निवडा. जाहिरातीची पत्रं हा वेगळा विषय, त्यासाठी कस्टमर केअरला वेगळं सांगावं लागतं. नुसतं ई-स्टेटमेंट केलं की लोनच्या ऑफर थांबतात असं नाही.

*वीजबिल:* महावितरणची गो-ग्रीन योजना आहे. छापील बिल नको म्हटलं तर दर बिलामागे 10 रुपये सवलत मिळते. बिलावरच्या जीजीएन नंबरने नोंदणी होते. 10 रुपये छोटे वाटतात, पण घराचं आणि दुकानाचं मीटर धरलं तर वर्षाला 240 झाले.

*बाकी सगळे:* खालचा मजकूर ईमेल करा किंवा कार्डावर लिहून पाठवा.

"आपली जाहिरात-पत्रं माझ्या खालील पत्त्यावर येतात. मला ती नको आहेत. आपल्या यादीतून माझं नाव व पत्ता काढावा आणि तसं केल्याचं कळवावं. माझ्या खात्यासंबंधीची पत्रं मात्र चालू ठेवावीत."

शेवटचं वाक्य विसरू नका. नाहीतर जाहिरातीबरोबर हवी असलेली पत्रंही बंद व्हायची.

*आधीच्या भाडेकरूचं टपाल:* उघडू नका, फाडू नका. पाकिटावर "या पत्त्यावर राहत नाहीत" असं लिहून पोस्टमनकडे परत द्या. तुम्ही स्वतः जागा बदललीत तर जुन्या पत्त्याच्या पोस्टात पत्रं नव्या पत्त्यावर वळवायचा लेखी अर्ज द्या.

*पत्ता द्यायचाच नसेल तर:* पोस्टात पोस्ट बॉक्स भाड्याने मिळतो. ग्राहकांची पत्रं, चौकशा, कॅटलॉग यासाठी तो नंबर द्या. जीएसटीला मात्र धंद्याची खरी जागाच लागते, तिथे हा चालणार नाही.

पायरी 4: या पाकिटांना नकार देऊ नका

हा भाग दोनदा वाचा.

साधं जाहिरातीचं पाकीट तुम्ही न उघडता "घेण्यास नकार" लिहून परत देऊ शकता. पण सही घेऊन मिळणारं टपाल, म्हणजे स्पीड पोस्ट किंवा जुनं रजिस्टर एडी, कधीही नाकारू नका. काही जण सांगतात, "नोटीस घेतलीच नाही तर लागू कशी होईल?" हा सल्ला महागात पडतो. 1897 च्या जनरल क्लॉजेस ॲक्टच्या कलम 27 प्रमाणे, योग्य पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने पाठवलेलं पत्र पोहोचलं असं धरून चालतात. नकार दिलात तरी कोर्ट बहुतेक वेळा ते मिळालं असंच मानतं. म्हणजे आत काय आहे ते तुम्हाला कळत नाही, पण दिवस मात्र मोजले जातात.

आणखी एक पाकीट ओळखून ठेवा. आत स्क्रॅच कार्ड असतं, खरवडलं की गाडी किंवा 10-12 लाखांचं बक्षीस लागतं, आणि मग "आधी टॅक्स भरा" म्हणून फोन येतो. खरं बक्षीस देणारा आधी खात्यात पैसे भरायला लावत नाही. हे पाकीट घरातल्या मोठ्या माणसांना मुद्दाम दाखवून ठेवा. पैसे गेलेच तर लगेच 1930 वर फोन करा.

पायरी 5: कागद बंद केलात, मग ईमेल उघडा

इथे बरेच जण फसतात. सगळं ई-स्टेटमेंट केलं, आणि ईमेल दिला तो कॉलेजमधला, ज्याचा पासवर्डही आठवत नाही. आता पत्र हरवत नाही, दिसतच नाही.

धंद्यासाठी एक वेगळा ईमेल ठेवा आणि रोज सकाळी शटर उघडल्यावर तो बघा.

जीएसटी नोंदणी सल्लागाराकडून करून घेतली असेल तर आजच पोर्टलवर लॉगिन करून मोबाईल आणि ईमेल कोणाचा आहे ते तपासा. अनेकदा तो सल्लागाराचाच असतो, आणि नोटीस त्याच्या इनबॉक्समध्ये पडून राहते. जीएसटी कायद्याच्या कलम 169 मध्ये टपालाबरोबर ईमेल आणि पोर्टल याही नोटीस बजावायच्या मान्य पद्धती आहेत. म्हणून आठवड्यातून एक दिवस पोर्टलवरचा नोटीस विभाग बघायचाच. आणि धंद्याची जागा बदलली तर 15 दिवसांत जीएसटीमध्ये पत्ता बदलायचा अर्ज करा. जुन्या पत्त्यावर गेलेली नोटीस "मला मिळालीच नाही" हे नंतर सांगणं फार अवघड जातं.

पायरी 6: घरात एक ट्रे

माझ्या घरी आता दारामागे एक निळा ट्रे आहे. नियम एकच: ज्या पाकिटावर सही केली ते या ट्रेमध्ये, वर आलेली तारीख पेनने लिहून, आणि मला लगेच फोन. बाकीचं सगळं वेगळ्या पिशवीत, ते रविवारी. आईला कुठलं पत्र महत्त्वाचं हे ठरवावं लागत नाही. सही केली का, एवढंच बघायचं.

आता काउंटरच्या पलीकडून बघू

उद्या तुम्हीही ग्राहकांना पत्रकं, कार्डं पाठवणार आहात. समजा एका पत्रामागे छपाई, पाकीट आणि तिकीट धरून 10 रुपये खर्च आला. 500 जणांना पाठवलं, म्हणजे 5,000 रुपये. त्यातल्या 300 जणांना ते नकोच असेल, तर 3,000 रुपये तुम्ही स्वतःहून रद्दीवाल्याला दिले.

म्हणून यादी करतानाच विचारा, "दिवाळीचं कार्ड पाठवू का?" हो म्हणाले तरच नाव लिहा. पत्रावर खाली एक ओळ टाका: "पुढची पत्रं नको असतील तर या नंबरवर कळवा." कोणी कळवलं की त्याच दिवशी नाव काढा. 2023 चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदाही ग्राहकाला दिलेली संमती मागे घ्यायचा हक्क देतो. मोबाईलमधली किंवा एक्सेलमधली तुमची यादी हीसुद्धा डिजिटल माहितीच आहे. आणि ग्राहकांची यादी दुसऱ्या दुकानदाराला देऊ नका, कितीही ओळखीचा असला तरी. ग्राहकाने पत्ता तुमच्यावर विश्वास ठेवून दिलाय.

या रविवारचा गृहपाठ

1. घरातला तो खण, ती पिशवी, फ्रिजवरचा ढीग, जे असेल ते उपसा. सही करून घेतलेलं एकही पाकीट न उघडलेलं राहायला नको.
2. वही सुरू करा.
3. जीएसटी, उद्यम आणि बँकेत तुमचा पत्ता, मोबाईल, ईमेल बरोबर आहे का ते तपासा.
4. घरच्यांना ट्रेचा नियम सांगा.

दोन तासांचं काम आहे. मी ते आधी केलं असतं तर ती एक संध्याकाळ उसने मागत फिरावं लागलं नसतं. भेटू पुढच्या आठवड्यात.