सेल्फ फिरतोय, मग गाडी का उचलत नाही?

नांदेडला असो की लातूरला, रस्त्याच्या कडेला गाडी अडली की जमलेल्या माणसांतून पहिला सल्ला ठरलेला असतो: "बॅटरी उतरली असंल, धक्का मारा." सेल्फ मात्र तेव्हा जोरात फिरत असतो. ही विसंगती कुणाला खटकत नाही, आणि माझ्या मते पुढचा फुकटचा खर्च इथूनच सुरू होतो. सेल्फ इंजिन फिरवतोय म्हणजे बॅटरीत जीव आहे, सेल्फची मोटर शाबूत आहे आणि इंजिन जाम झालेलं नाही. निम्म्या शंका गाडीनेच मिटवून टाकल्या. आता पाहायचं ते एवढंच, की सिलिंडरपर्यंत तेल पोचतंय का, ते पेटतंय का आणि पेटण्याची वेळ जुळतेय का. सेल्फ मारणं म्हणजे इंजिनाला प्रश्न विचारणं आहे. उत्तराकडे कान न देता तोच प्रश्न वीस वेळा विचारला तर बॅटरी खरोखरच उतरते, आणि मग मूळ दोष कोणता नि आपण ओढवून घेतलेला कोणता हे मिस्त्रीलाही सांगता येत नाही.

उत्तर आधी आवाजात असतं. धडधाकट इंजिनाला सेल्फ फिरवतो तेव्हा आवाजात ठेका असतो. प्रत्येक सिलिंडर दाबाला आला की सेल्फला जोर लागतो, म्हणून घुर्र-घुर्र असं तुटक ऐकू येतं. तो ठेका जाऊन सेल्फ एकसारखा, हलका आणि नेहमीपेक्षा भरभर फिरू लागला तर दाबच बनत नाही, आणि पहिला संशय टायमिंग बेल्टवर घ्यावा. अशा वेळी पुन्हा चावी फिरवू नये. बऱ्याच इंजिनांत बेल्ट तुटल्यावर पिस्टन व्हॉल्व्हला जाऊन भिडतो. उलट आवाज रेंगाळत असेल, डॅशबोर्डचे दिवे मंदावत असतील, तर सेल्फ फिरतोय एवढ्यावर बॅटरीला निर्दोष सोडू नये. सेल्फ मारताना व्होल्टेज साडेनऊच्या खाली गेलं की सेल्फ कसाबसा फिरतो, पण इंजिनाचा कॉम्प्युटर भानावर राहत नाही. मी वर बॅटरीला दिलेली सूट एवढ्यापुरती मागे घेतो.

पुढचा पुरावा नाकाला आणि डोळ्याला मिळतो. पेट्रोलच्या इंजेक्शनवाल्या गाडीत चावी 'ऑन' केली की मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद बारीक गुणगुण येते. तो टाकीतला पंप. ती आली नाही तर आधी फ्यूज आणि रिले पाहावा, पंप नंतर. पाचसात सेकंद सेल्फ मारून सायलेन्सरपाशी पेट्रोलचा वास आला तर तेल पोचतंय, ठिणगीत खोट आहे. वासच नसेल तर तेलाच्या वाटेवर शोधा. डिझेलला ठिणगी लागत नाही, तिथे धूर बोलतो. सेल्फ मारताना पांढरा धूर निघाला तर डिझेल आत जातंय पण पेटत नाही. धूरच नाही तर डिझेल पोचतच नाही. सोयाबीनच्या घाईत टाकी कोरडी पडलेल्या ट्रॅक्टरचं दुखणं बहुधा हेच असतं, लाइनमध्ये हवा धरलेली. फिल्टरवरचा स्क्रू सैल करायचा, हातपंप मारायचा, फेसाळ बुडबुडे संपून स्वच्छ डिझेलची धार आली की स्क्रू आवळायचा. मात्र ही युक्ती पाहून कुणी नव्या कॉमन रेल गाडीचा हायप्रेशर पाइप सोडू नये. तिथला दाब हजार बारच्याही पुढे जातो, आणि ती धार कातडी फोडून आत शिरते.

यावर आक्षेप येतो, की हे सगळं जुन्या गाड्यांचं झालं. 2020 नंतरच्या बीएस-6 गाडीत मालकाला काय कळणार, स्कॅनर लावला की काम झालं. स्कॅनर लावावाच, माझी हरकत नाही. पण स्कॅनर तक्रार नोंदवतो, निकाल देत नाही. क्रँक सेन्सरचा कोड आला म्हणजे सेन्सर गेलाच असं नाही. उंदराने कुरतडलेली वायर किंवा ढिला कनेक्टरही तोच कोड देतो. कोड पाहून पार्ट बदलायचा, जमलं नाही की दुसरा बदलायचा, याला निदान म्हणत नाहीत. बिल मात्र निदानाचंच लागतं. शिवाय चावीच्या चित्राचा दिवा लुकलुकत असेल तर गाडीने चावीच ओळखलेली नाही, हे स्कॅनरविना घरातली दुसरी चावी लावून कळतं.

ऋतूही साक्ष देतो. मे महिन्यात पारा बेचाळीसला टेकलेला असताना ग्लो प्लग बदलायला सांगणाऱ्याला मी तरी दोनदा विचारीन. त्याच उन्हात अहमदपूर-लोहा रस्त्यावर गरम होऊन बंद पडलेली आणि तासाभराने निमूट चालू होणारी गाडी वेगळं काही सांगत असते: क्रँक सेन्सर, कॉइल किंवा पंप तापल्यावर दगा देतोय. गॅरेजात गेल्यावर ती गाडी निवलेली असते, म्हणून "काहीच नाही" असा निकाल मिळतो. बंद पडण्याची वेळ, किती किलोमीटर झाले आणि किती वेळाने चालू झाली हे लिहून नेलं तर मिस्त्रीचं अर्धं काम होतं.

अलीकडे प्रत्येक बिघाडाचं खापर इथेनॉलवर फुटतं. उसाच्या लातूरमध्ये त्यावर पारावर दोन तट पडतात. वीस टक्के इथेनॉलने मायलेज घटतं, जुन्या गाडीचे रबरी पाइप आणि सील खराब होऊ शकतात, हे खरं. पण काल संध्याकाळपर्यंत चालणारी गाडी सकाळी एकाएकी अडली तर नुसतं इथेनॉल पुरेसं कारण नाही. टाकीत पाणी शिरलंय का ते पाहा. इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि पाणी जास्त झालं की त्याच्यासह पेट्रोलपासून वेगळं होऊन तळाला बसतं. टाकीच्या तळचं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून अर्धा तास स्थिर ठेवा. दोन थर आणि मध्ये स्पष्ट रेघ दिसली तर वादच मिटला. एकसारखं स्वच्छ राहिलं तर पाण्यावरचा संशय सोडून पुढे चला.

धीर धरवत नसेल तर एवढं पाळा: एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ नको, मध्ये किमान अर्धा मिनिट थांबा. न जळलेलं पेट्रोल सिलिंडरवरचं ऑइल धुऊन काढतं आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बिघडवतं. तो पार्ट बॅटरीपेक्षा कितीतरी महाग पडतो. पेट्रोलचा उग्र वास येत असेल तर अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून एकदा सेल्फ मारावा. इंजेक्शनच्या बहुतेक गाड्यांत त्याने तेल तोडलं जातं आणि भिजलेले प्लग सुकतात.

पुरातून निघालेल्या गाडीला यातलं काहीच लागू नाही. 2025 च्या ऑगस्टमध्ये मुखेड तालुक्यात हसनाळ-रावणगावकडे पाणी गावात शिरलं, तशा पाण्यात उभी राहिलेली गाडी ऊन पडल्यावर वरून कोरडी ठणठणीत दिसते. पण पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये ते असताना सेल्फ मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी एअर फिल्टरचं झाकण उघडा. आतला कागद ओला किंवा चिखलाने माखलेला असेल तर बॅटरीची वायर काढा, चावी खिशात ठेवा आणि गाडी ओढून न्या.