बास गिटारचा खर्ज : ॲम्प्लिफायर कसा निवडावा?



गणेशोत्सवातील एका रात्री तुम्ही खडकवासल्याच्या तलावाकाठी उभे आहात अशी कल्पना करा. दूरच्या एका मंडपात वाद्यवृंदाचा कार्यक्रम रंगला आहे. गाण्याचे शब्द कळत नाहीत. बासरी तर ऐकूच येत नाही. पण ‘धुम् धुम्’ असा जाड आवाज मात्र तुमच्यापर्यंत पोचतो आहे.

आता दुसरा प्रसंग पाहा. शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी काही मुलांनी वर्गणी काढून एक जुनी बास गिटार विकत घेतली. घरच्या रेडिओच्या छोट्या स्पीकरला ती जोडली आणि सर्वांत जाड तार छेडली. स्पीकर फडफडला, त्याचा कागद थरथरला, पण खर्ज काही उमटला नाही.

एके ठिकाणी खर्ज पाण्यापलीकडे पोचतो आणि दुसरीकडे तो पेटीबाहेरही पडत नाही, असे का? या प्रश्नाचे उत्तर समजले, तर बास गिटारसाठी ॲम्प्लिफायर निवडताना तुमची फसगत होणार नाही.

खर्जाची तार

तंबोरा जवळून पाहिला आहे ना? त्याच्या चार तारांपैकी खर्जाची तार सर्वांत जाड असते. तारेची वारंवारता, म्हणजे एका सेकंदातील कंपनांची संख्या, तीन गोष्टींवर अवलंबून असते. तार लांब केली की वारंवारता कमी होते, ताण वाढवला की ती वाढते आणि तार जड केली की ती पुन्हा कमी होते. हे नियम फ्रान्समधील मेर्सेन या विद्वानाने १६३६ साली ग्रंथरूपाने मांडले.

साध्या गिटारची सर्वांत खालची तार सेकंदाला सुमारे ८२ कंपने करते. बास गिटारची तीच तार सुमारे ४१ कंपने करते, म्हणजे बरोबर एक सप्तक खाली. तिच्या चार तारांच्या वारंवारता अनुक्रमे ४१, ५५, ७३ आणि ९८ हर्ट्झ आहेत.

केवळ लांबी वाढवून हे साधायचे, तर गिटारची ६५ सेंटिमीटरची तार १३० सेंटिमीटर करावी लागेल. मग वाजवणाऱ्याचा हात तिच्या टोकापर्यंत पोचणार कसा? अमेरिकेतील लिओ फेंडर यांनी १९५१ साली जी बास गिटार बाजारात आणली, तिची तार सुमारे ८६ सेंटिमीटर, म्हणजे ३४ इंच होती. आजही हेच माप सर्वाधिक प्रचारात आहे. उरलेले काम तार जाड करून साधले आहे. ताण तोच ठेवला, तर गणिताने तारेचे दर सेंटिमीटरचे वजन सुमारे सव्वादोन पट करावे लागते. प्रत्यक्षात बासच्या तारेवर ताणही अधिक असतो, म्हणून ती आणखी जाड असते.

जुनी बास गिटार हाती आली की ती सुरात आहे का, हे असे तपासा. बारावा पडदा तारेच्या साधारण मध्यावर असतो. त्या पडद्याच्या बरोबर वर तारेला बोटाने हलकेच स्पर्श करून छेडा. मग तेथेच तार दाबून छेडा. दोन्ही स्वर एकच यायला हवेत. दाबलेला स्वर चढा लागला, तर घोडीचा त्या तारेखालचा भाग मागे सरकवून तार किंचित लांब करावी. उतरा लागला, तर पुढे आणावा.

किती हवा ढकलायची?

बास गिटारच्या अंगाला पोकळ भोपळा नसतो. तारांखाली चुंबक आणि त्याभोवती बारीक तारेचे हजारो वेढे असतात. पोलादी तार हलली की वेढ्यांतील चुंबकीय क्षेत्र बदलते आणि अल्पसा विद्युतदाब निर्माण होतो. फॅरेडेने १८३१ साली शोधलेले विद्युतचुंबकीय प्रवर्तन ते हेच. हा क्षीण विद्युतदाब ॲम्प्लिफायर वाढवतो आणि स्पीकर त्याचे पुन्हा हवेच्या कंपनांत रूपांतर करतो.

येथेच खरी अडचण सुरू होते. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो. म्हणून ४१ हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी ३४५ भागिले ४१, म्हणजे सुमारे ८.४ मीटर भरते. वर्गाच्या खोलीएवढी एक लाट! एवढी लाट उठवायची तर पुष्कळ हवा मागेपुढे ढकलावी लागते. आवाजाची पातळी तीच ठेवून वारंवारता निम्मी केली, तर स्पीकरच्या शंकूला चौपट अंतर मागेपुढे सरकावे लागते. १५ सेंटिमीटर व्यासाऐवजी ३० सेंटिमीटर व्यासाचा शंकू घेतला, तर क्षेत्रफळ चौपट होते आणि तेवढेच काम चौथाई हालचालीत होते. रेडिओचा छोटा स्पीकर का फडफडला, हे आता कळले ना? त्याला आपल्या मर्यादेबाहेर धावावे लागत होते. याच कारणाने बास गिटार साध्या गिटारच्या लहान ॲम्प्लिफायरला जोडून मोठ्याने वाजवू नये. त्याचा स्पीकर फाटण्याची भीती असते.

मोठ्या लाटेचा दुसरा गुण असा, की ती लहान अडथळ्यांना वळसा घालून जाते. तलावाच्या काठावरून पाहा. बारीक तरंग खडकापाशी अडतात आणि खडकामागे पाणी शांत राहते. लांब लाट मात्र त्याला वळसा घालून पलीकडे पोचते. बंदराच्या भिंतीपाशी समुद्राच्या लाटा कशा वागतात, याचा अभ्यास खडकवासल्यातीलच केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्रात प्रतिकृती उभारून केला जातो. ही संस्था १९१६ साली सुरू झाली. ध्वनीच्या लाटांचेही असेच आहे. घरे आणि झाडे बासरीचा आवाज अडवतात, हवाही तो अधिक शोषून घेते. खर्ज मात्र पुढे जातो.

पेटी कशासाठी?

एक सोपा प्रयोग करा. मोडक्या रेडिओतून सोडवलेला छोटा स्पीकर तारा लांब करून बॅटरीवरच्या रेडिओला जोडा आणि हातात धरून ऐका. आवाज चिरका, पातळ येईल. आता मोठ्या पुठ्ठ्याला स्पीकरच्या तोंडाएवढे भोक पाडून तो मागून घट्ट टेकवा. आवाज लगेच भरदार होईल.

शंकू पुढे सरकतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. खर्जाची लाट लांब असल्याने मागचा ध्वनी कडेने वळून पुढे येतो आणि पुढच्याला मारून टाकतो. पुठ्ठा ही वाट लांबवतो, तर बंद पेटी ती अडवते. म्हणून पेटी ही केवळ शोभा नव्हे, ती स्पीकरचा अर्धा भाग आहे. तिच्या फळ्या सुटल्या असतील, तर चांगला स्पीकरही वाया जातो.

वॉटचा आकडा फसवतो

समजा, तुम्ही शिक्षकांबरोबर खडकवासल्याहून बसने पुण्यात गेलात आणि बुधवार पेठेतील तपकीर गल्ली गाठली. विजेच्या व इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी ही गल्ली प्रसिद्ध आहे. समोर दोन संच आहेत. एकावर ६० वॉट लिहिले आहे, दुसऱ्यावर १२० वॉट. कोणता मोठा वाजेल?

घाई करू नका. स्पीकरची संवेदनशीलता विचारा. एक वॉट शक्ती दिल्यावर एक मीटर अंतरावर किती डेसिबेल आवाज मिळतो, तो हा आकडा. पहिल्याची ९६ आणि दुसऱ्याची ९० डेसिबेल असेल, तर हिशेब असा :

पहिला : ९६ + सुमारे १८ = ११४ डेसिबेल
दुसरा : ९० + सुमारे २१ = १११ डेसिबेल

निम्म्या वॉटचा संच अधिक मोठा वाजला! वॉट दुप्पट केल्याने केवळ ३ डेसिबेल वाढतात. कानाला आवाज दुप्पट वाटायला सुमारे १० डेसिबेल, म्हणजे दहापट शक्ती लागते. त्यातून आपला कान खर्जाला मंद आहे. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली मोजमापांनी हे दाखवून दिले. म्हणून वर्गणी वॉटच्या आकड्यावर उधळण्यापेक्षा मोठा, संवेदनशील स्पीकर आणि भक्कम पेटी यांवर खर्च करावी.

ओहम जुळवा

ॲम्प्लिफायरच्या पाठीवर ‘किमान ४ ओहम’ असे काही लिहिलेले असते. त्याचा अर्थ उदाहरणाने पाहू. ॲम्प्लिफायर २० व्होल्ट देत आहे असे धरा. शक्ती म्हणजे व्होल्टचा वर्ग भागिले ओहम.

८ ओहमचा एक स्पीकर : ४०० ÷ ८ = ५० वॉट, प्रवाह २.५ अँपिअर
८ ओहमचे दोन समांतर, म्हणजे ४ ओहम : १०० वॉट, ५ अँपिअर
८ ओहमचे तीन समांतर, म्हणजे सुमारे २.७ ओहम : १५० वॉट, ७.५ अँपिअर

तिसरा स्पीकर जोडताच प्रवाह मर्यादेबाहेर जातो, ट्रान्झिस्टर तापतात आणि जळू शकतात. ‘आणखी एक पेटी जोडली तर काय बिघडले?’ याचे उत्तर हे आहे. निर्वात नलिकांचा जुना ॲम्प्लिफायर असेल, तर उलट काळजी घ्यावी : तो स्पीकर न जोडता कधीही चालू करू नये.

जुना संच पारखताना

१. आपली बास गिटार बरोबर न्या. सर्वांत जाड तार मोकळी छेडून आवाज हळूहळू वाढवा. फडफड किंवा खरखर येते का, हे ऐका.
२. संच बंद असताना शंकूवर बोटे सारख्या अंतराने ठेवून तो अलगद आत दाबा. घासल्याचा आवाज आला, तर आतील वेटोळे वाकडे झाले आहे.
३. मीटरने स्पीकरचा रोध मोजा. ८ ओहमचा स्पीकर साधारण ६ ते ७ दाखवतो. काहीच दाखवत नसेल, तर वेटोळे किंवा त्याची जोडणी तुटली आहे.
४. एकाच जागी उभे राहून निर्णय देऊ नका. ४.२ मीटर लांबीच्या खोलीत ४१ हर्ट्झची लाट नेमकी अर्धी मावते. तेव्हा मध्यभागी खर्ज दबतो आणि भिंतीलगत फुगतो. खोलीभर फिरून ऐका.

मंडपात मांडताना

भाद्रपदातला पाऊस, ओली जमीन आणि २३० व्होल्ट हा मेळ जिवावर बेतू शकतो. वाजवणाऱ्याची बोटे धातूच्या तारांवर असतात आणि त्या तारा ॲम्प्लिफायरच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. अर्थिंग नीट असले, तर बिघाडातील प्रवाह जमिनीत जातो. नसले, तर माइकला ओठ लागताच तो शरीरातून जाऊ शकतो. म्हणून गुणगुण थांबावी यासाठी तीन पिनांच्या प्लगची अर्थिंगची पिन कोणी काढू पाहत असेल, तर त्याला थांबवा. जोडणी जाणत्या वायरमनकडूनच करून घ्या. ॲम्प्लिफायर उघडू नका; बंद केल्यावरही आतील धारित्रांत विद्युतभार राहतो.

शेजाऱ्यांचाही विचार हवा. भारतातील २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबेल ही मर्यादा आहे. पण या मोजणीत कानाच्या मंदपणाप्रमाणे ५० हर्ट्झच्या ध्वनीतून सुमारे ३० डेसिबेल वजा होतात. मीटर शांत दिसला, तरी भिंतीपलीकडे झोपलेल्या आजारी माणसाला खर्जाचा धक्का जाणवत असू शकतो. म्हणून मीटर पाहाच. पण बाहेर जाऊन स्वतःही ऐका.

आणि विकताना

शाळेचे शिक्षण संपले, वाद्यवृंद पांगला आणि संच विकायचा झाला, तर पेटीवर एक चिठ्ठी चिकटवा. किमान किती ओहम, किती वॉट, स्पीकर कधी बदलला, कोणती दुरुस्ती झाली, अर्थिंग केव्हा तपासले आणि आज कोणता दोष आहे, हे सर्व तिच्यावर लिहा. दोष सांगितल्याने किंमत थोडी उतरेल. पण पोटात बदललेला ४ ओहमचा स्पीकर ८ चा म्हणून विकला, तर पुढच्या मुलांचा ॲम्प्लिफायर जळेल. तुटलेले अर्थिंग लपवले, तर त्याहून वाईट घडेल. तीही तुमच्यासारखीच वर्गणी काढून आलेली असतील.

विचार करा

१. ॲम्प्लिफायरची किमान मर्यादा ४ ओहम आहे. ४ ओहमचे दोन स्पीकर त्याला समांतर जोडावेत की एकसरीत? का?
२. बास गिटारच्या ५५ हर्ट्झच्या तारेची तरंगलांबी किती? ती तुमच्या वर्गाच्या लांबीशी ताडून पाहा.
३. छोटा रेडिओ ४१ हर्ट्झ काढू शकत नाही, तरी गाण्यातील बासची चाल आपण ओळखतो. ती तार ८२, १२३, १६४ अशीही कंपने करते, हे ध्यानात घेऊन कारण शोधा.